केबल दिल्लीहून आली, पण नेटवर्क कुणाचं?

एक छोटं गणित करू. तुमच्याकडे एक टेराबाइट डेटा आहे असं समजा. उपग्रहाची चित्रं, एखाद्या सिम्युलेशनचं आउटपुट, जिनोम सिक्वेन्सिंगच्या फाइली, काहीही धरा. तो पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला आणायचा आहे. १ जीबीपीएसची लाइन पूर्ण क्षमतेनं मिळाली तर साधारण सव्वादोन तास लागतील. १०० एमबीपीएसवर बावीस तास. १० एमबीपीएसवर नऊ दिवसांहून जास्त. आणि जुन्या ब्रॉडबँडच्या ५१२ केबीपीएसवर सहा महिने.

हार्ड डिस्क पिशवीत घालून शिवाजीनगरहून एसटी पकडली तर संध्याकाळपर्यंत डेटा घरी. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनला लाल डबा आरामात हरवतो.

हा नुसता विनोद नाही. मराठवाड्यातल्या बऱ्याच संशोधनाचा डेटा आजही असाच प्रवास करतो. हे वाचून कुणी म्हणेल, मग काय, जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. या लेखाचा मुद्दा नेमका त्याच्या उलट आहे. आपल्याकडे केबल कमी पडली नाही. एकदा नाही, तीनदा आली. कमी पडली ती केबलच्या मधली एक पायरी: विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी स्वतः मिळून चालवलेलं, नफा न कमावणारं, आपल्या विभागाचं नेटवर्क. जगात बऱ्याच ठिकाणी ही पायरी आहे. आपल्याकडे ती बांधायची राहिली, आणि राहिली आहे हे फारसं कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

संशोधनाचं नेटवर्क वेगळं का असतं?

आधी तांत्रिक भाग उरकून घेऊ, कारण त्याशिवाय पुढची टीका नुसती तक्रार वाटेल.

आपण घरी किंवा ऑफिसात जे इंटरनेट घेतो, त्याची रचना असंख्य छोट्या कामांसाठी असते. कुणी व्हिडिओ बघतंय, कुणी यूपीआय करतंय, कुणी मेल पाठवतंय. एकाच लाइनवर अनेक गिऱ्हाईकं बसवलेली असतात आणि सगळे एकाच क्षणी पूर्ण स्पीड मागणार नाहीत या हिशोबावर तो धंदा चालतो. त्यात चूक काही नाही. रिक्षात दहा जण बसवण्यासारखंच आहे ते, अंतर कमी असेल तर चालून जातं.

संशोधनाचा प्रवाह मात्र वेगळा असतो. एकच मोठी फाइल, तासन्‌तास सलग, एका ठरावीक ठिकाणाहून दुसऱ्या ठरावीक ठिकाणी. इंटरनेटवर डेटा छोट्या पाकिटांत जातो. एखादं पाकीट वाटेत हरवलं की पाठवणारं मशीन समजतं, पुढे गर्दी आहे, आणि आपणहून वेग खाली आणतं. जवळच्या अंतरावर ते पटकन सावरतं. अंतर वाढलं की सावरायला वेळ लागतो. त्यामुळे हजारात एखादं पाकीट हरवत असेल तरी व्हिडिओ बघणाऱ्याला काही कळत नाही, पण दूरवरून मोठी फाइल आणणाऱ्याचा वेग पार कोसळतो. त्यात कॉलेजच्या दारावर बसवलेला फायरवॉल एकेक पाकीट तपासत बसतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं ईएसनेट नावाचं संशोधन नेटवर्क आहे. तिथल्या इंजिनिअरांनी याच त्रासातून एक पद्धत काढली: संशोधनाच्या डेटासाठी कॅम्पसमध्ये वेगळी वाट ठेवायची, तिला वेगळे नियम, आणि वाटेत कुठे गळती होते ते सतत मोजणारी यंत्रं.

म्हणजे संशोधन नेटवर्क म्हणजे नुसती जाड केबल नाही. केबल, तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसं, आणि अडलं तर दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांचा नंबर माहीत असणं, या तिन्ही गोष्टी मिळून ते बनतं. तिसरी गोष्ट कुठल्याही टेंडरमध्ये विकत मिळत नाही.

तीन पायऱ्या

आता इतिहासाकडे येऊ. १९६६ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात तीन विद्यापीठांनी एकत्र येऊन मेरिट नावाची संस्था काढली: मिशिगन विद्यापीठ, मिशिगन स्टेट आणि वेन स्टेट. उद्देश साधा होता. तिघांकडे वेगवेगळे महागडे कॉम्प्युटर होते, ते एकमेकांना वापरता यावेत. नफा नाही, मालक कुणी बाहेरचा नाही. ज्यांनी वापरायचं त्यांनीच चालवायचं.

पुढे १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं देशभराचं एनएसएफनेट उभं केलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक विद्यापीठापर्यंत स्वतः तार नेली नाही. रचना तीन पायऱ्यांची ठेवली. वर देशाचा कणा. खाली प्रत्येक कॅम्पस. आणि मधे विभागीय नेटवर्क: न्यूयॉर्क राज्यात नायसरनेट, आग्नेयेकडे सुरानेट, मिशिगनमध्ये मेरिट वगैरे. सरकारनं मधल्या पायरीला सुरुवातीचा पैसा दिला, पण पुढे आपल्या पायावर उभं राहा असंही बजावलं. १९८८ मध्ये देशाचा कणा १.५ एमबीपीएसवर नेण्यात आला, आणि तो चालवण्याचं काम मिळालं ते आयबीएम आणि एमसीआय या कंपन्यांना सोबत घेणाऱ्या मेरिटला. तीन विद्यापीठांनी काढलेली संस्था देशाचं नेटवर्क चालवायला लागली!

पुढचा भाग महत्त्वाचा आहे. ३० एप्रिल १९९५ ला एनएसएफनेटचा कणा बंद करण्यात आला. काम झालं, खासगी कंपन्या आल्या, सरकारी योजना संपली. पण मेरिट संपली नाही. नायसरनेटही नाही. योजना दिल्लीची असो वा वॉशिंग्टनची, तिला शेवटची तारीख असते. सदस्यांच्या संस्थेला ती नसते. कॅलिफोर्नियात तर १९९७ मध्ये, म्हणजे कणा बंद झाल्यावर, विद्यापीठांनी सेनिक नावाची नवी संस्था काढली. पुढे तिच्यात शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयंही आली.

सगळं गोडच झालं असं नाही. नायसरनेटमधून १९८९ मध्ये पीएसआयनेट ही कंपनी बाहेर पडली आणि निव्वळ धंदा करायला लागली. सुरानेटही शेवटी एका कंपनीकडे गेलं. मधल्या पायरीला पैशाचा मोह होतो, हे खरं आहे. पण मोह व्हायला आधी पायरी असावी लागते.

आपल्याकडे काय झालं

भारताची सुरुवात मुळीच वाईट नव्हती. १९८६ मध्ये तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन अर्नेट सुरू केलं. भाग घेणाऱ्या संस्था आठ: पाच आयआयटी, बंगळूरचं आयआयएससी, मुंबईतलं एनसीएसटी आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स खातं. जुहूच्या एनसीएसटी आणि पवईच्या आयआयटीमध्ये डायल-अपवरून मेल जायला लागली. १९८९ मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेला ९.६ केबीपीएसची लाइन मिळाली. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हॉट्सअॅपवरचा एक साधा फोटो यायला काही मिनिटं. पण त्या बारीक तारेवर देशातल्या संशोधकांची मेल बाहेर जायची. सर्वसामान्यांना व्हीएसएनएलचं इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे सहा वर्षांनी. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचं नाव पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं, ते या कामासाठी.

त्या काळातल्या अर्नेटचं वैशिष्ट्य असं, की ते चालवणारे लोक स्वतः संशोधक होते. पुण्यात आयुकातला नोड तिथल्याच लोकांनी सांभाळला. हा पहिला टप्पा खऱ्या अर्थानं वापरणाऱ्यांचं नेटवर्क होता. पण तो आठ-दहा मोठ्या संस्थांचा होता. मराठवाड्यातली विद्यापीठं त्या टेबलावर नव्हती. १९९८ मध्ये अर्नेट इंडिया ही स्वायत्त सोसायटी झाली, पण मंत्रालयाच्या अखत्यारीतली. आज आपला तिच्याशी रोजचा संबंध येतो तो एका बारीक जागी. बामूच्या वेबसाइटच्या पत्त्यात शेवटी जे 'एसी डॉट इन' असतं ना, ते अर्नेटकडूनच मिळतं.

दुसरा टप्पा विद्यापीठांचा. यूजीसीनं २००२ मध्ये यूजीसी-इन्फोनेट जाहीर केलं. अर्नेटच्या लाइनवरून विद्यापीठं जोडायची आणि इन्फ्लिबनेटमार्फत त्यांना ई-जर्नल द्यायची. ही योजना उपयोगी ठरली, हे कबूल करायलाच हवं. मोठ्या प्रकाशकांची जर्नल विभागातल्या पीएच.डी. करणाऱ्या मुलांना पहिल्यांदा वाचायला मिळाली ती त्यामुळे.

तिसरा टप्पा सगळ्यात मोठा. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं नॅशनल नॉलेज नेटवर्क, म्हणजे एनकेएन, मंजूर केलं. दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपये, दीड हजारांच्या आसपास संस्था, अंमलबजावणी एनआयसीकडे. त्याच सुमाराला शिक्षण मंत्रालयाच्या आयसीटी मिशनमधून विद्यापीठांना १ जीबीपीएसची लाइन आणि संलग्न महाविद्यालयांना ब्रॉडबँड द्यायचं काम सुरू झालं.

एनकेएनवर सरसकट टीका करणं अप्रामाणिकपणाचं होईल. देशाचा कणा म्हणून ते उत्तम बांधलं गेलं. युरोपच्या आणि आशियाच्या संशोधन नेटवर्कशी ते जोडलेलं आहे. सर्नचा डेटा त्यावरून येतो. २०१५ मध्ये मंजूर झालेलं ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन त्याच कण्यावर उभं आहे. टीका आहे ती पायऱ्यांवर. तीनपैकी दोनच बांधल्या: वर दिल्लीचा कणा, खाली कॅम्पसचं गेट. मधे कुणी नाही.

त्याचा परिणाम असा. लाइन मंद झाली तर जबाबदारी कुणाची? कणा एनआयसीचा. शेवटच्या टप्प्यातली फायबर टेलिकॉम कंपनीची. कॅम्पसच्या आतलं जाळं संस्थेचं. पैसा मंत्रालयाचा. चौघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि तरी फाइल येत नाही! मेरिटसारख्या ठिकाणी या चौघांच्या मधे एक फोन नंबर असतो, आणि तो उचलणाऱ्याचा पगार तुमच्याच वर्गणीतून होत असतो. फरक तंत्रज्ञानाचा नाही, नोकरी कुणाची आहे याचा आहे.

संलग्न महाविद्यालयाचं काय?

आता खरा प्रश्न. बामूची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. आज तिच्या अखत्यारीत चार जिल्हे येतात: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव. इथलं उच्च शिक्षण मुख्यतः विद्यापीठाच्या कॅम्पसवर होत नाही, संलग्न महाविद्यालयांत होतं. यातल्या अनेक महाविद्यालयांत मान्यताप्राप्त संशोधन केंद्रं आहेत, गाइड आहेत, पीएच.डी. करणारे आहेत. अंबाजोगाईचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी आणि कॅम्पसवरचा विद्यार्थी यांना शेवटी पदवी एकच मिळते. नेटवर्क मात्र एक मिळत नाही.

कागदावर सगळं ठीक दिसतं. नॅकच्या फॉर्ममध्ये महाविद्यालयाला विचारलं जातं, इंटरनेटची बँडविड्थ किती? त्याला एमबीपीएसचे टप्पे आहेत. कॉलेज स्थानिक कंपनीचं बिल जोडतं, टप्पा गाठतं, गुण मिळतात. पण त्या १०० एमबीपीएसवर एकाच वेळी ऑफिस, वर्ग, लॅब, सीसीटीव्ही आणि अॅडमिशनची गर्दी असते. बाहेर डेटा पाठवायचा म्हटलं तर अपलोडचा वेग किती, स्थिर आयपी पत्ता आहे का, हे विचारणारा रकाना नाही. आपण विकत घेतलेली बँडविड्थ मोजतो, पोचलेला डेटा मोजत नाही. हे म्हणजे धरणाची क्षमता मोजून शेताला पाणी मिळालं असं समजण्यासारखं आहे. मराठवाड्यात तरी हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

जर्नलच्या बाबतीतही तीच रेषा दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर झालं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल, ६,३०० हून जास्त संस्था. मोठी गोष्ट आहे, शंका नाही. पण मंजुरीच्या निवेदनात लाभार्थी कोण, तर केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था. आपल्याकडची बहुसंख्य महाविद्यालयं शिक्षण संस्थांची आहेत. पगार शासनाचा, व्यवस्थापन संस्थेचं. अशा महाविद्यालयाला ही व्याख्या बाहेर ठेवते. दिल्लीहून आखलेल्या रेषेला मराठवाड्यातलं कॉलेज दिसत नाही, कारण ते तिथे जाऊन सांगणारी आपली एकत्र संस्थाच नाही.

महाराष्ट्रात हे आधी झालं होतं

इथे कुणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी सांगू नका, आपल्याकडे असलं काही चालत नाही. तर आपल्याकडचं उदाहरण घ्या, आणि तेही ग्रंथालयांचं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राच्या निस्सॅट या योजनेतून शहरांची ग्रंथालय नेटवर्कं निघाली. मुंबईत एनसीएसटीमध्ये बोनेट सुरू झालं. पुण्यात पुणे विद्यापीठ, सी-डॅक आणि एनसीएल यांनी मिळून पुणेनेट काढलं. कल्पना अगदी विभागीय नेटवर्कचीच: एकाच शहरातल्या संस्थांनी आपापले कॅटलॉग जोडायचे, कुठलं जर्नल कुणाकडे आहे ते कळवायचं, एकानं घेतलेलं दुसऱ्याला वापरू द्यायचं. आज ही दोन्ही नावं ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत एका मार्काच्या प्रश्नापुरती उरली आहेत.

त्याच पिढीतलं दिल्लीचं डेलनेट मात्र जिवंत आहे. १९८८ मध्ये इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये ते सुरू झालं, त्यालाही निस्सॅटचा सुरुवातीचा पैसा होता. पण १९९२ मध्ये त्याची स्वतंत्र सोसायटी नोंदवली गेली आणि सदस्यांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात झाली. पुढे निस्सॅट बंद झाली. डेलनेट नाही झालं. उलट ते दिल्लीबाहेर पसरलं, आणि आज मराठवाड्यातली कितीतरी कॉलेजं नॅकच्या अहवालात 'आम्ही डेलनेटचे सदस्य' असं अभिमानानं लिहितात.

वेब आल्यावर शहरापुरत्या कॅटलॉगचं महत्त्व कमी झालं, हेही एक कारण होतंच. पण ते डेलनेटलाही लागू होतं. फरक दोन गोष्टींचा दिसतो. स्वतःचं नोंदणीकृत अस्तित्व, आणि सदस्यांची वर्गणी. यजमान संस्थेच्या एका खोलीत राहणारा प्रकल्प त्या संस्थेच्या मर्जीवर आणि वरून येणाऱ्या अनुदानावर जगतो. वर्गणी देणारा सदस्य मात्र विचारतो, माझ्या पैशाचं काय झालं? तो प्रश्नच नेटवर्कला जागं ठेवतो.

आक्षेप

पहिला आक्षेप: आता फायबर घरोघरी आलीय, स्वस्त आहे, मग वेगळं नेटवर्क कशाला? वाचायला, मीटिंगला, अगदी पुण्यातल्या परम ब्रह्मसारख्या सुपरकॉम्प्युटरवर लॉगिन करायलाही साधं इंटरनेट पुरतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरूनही होतं. अडतं ते डेटा परत आणताना. आणि त्याहून जास्त अडतं ते एकत्र वापराच्या गोष्टींत. युरोपात सुरू झालेलं एज्युरोम घ्या. आपल्या संस्थेच्या एकाच पासवर्डवर दुसऱ्या विद्यापीठाचं वायफाय चालतं. भारतात ते अर्नेट चालवतं. त्यासाठी नवी केबल लागत नाही. लागतो तो विश्वास आणि सर्व्हर सांभाळणारा एक माणूस. दहा कॉलेजांना मिळून असा एक माणूस परवडतो. एकेकट्याला नाही परवडत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शिक्षण संस्थांचं राजकारण माहीत आहे ना? वर्गणी कोण भरेल, अध्यक्ष कोण होईल, टेंडर कुणाच्या भाच्याला जाईल? हे खरं आहे, आणि त्याला अमेरिकेतलं उत्तर चालणार नाही. पण मग असंही बघा: मराठवाड्यानं सहकारी संस्था बुडवल्याही आहेत आणि चालवूनही दाखवल्या आहेत. आणि राजकारण नको म्हणून सगळं दिल्लीकडे सोपवल्यानं राजकारण टळत नाही. ते फक्त आपल्या हाताबाहेर जातं.

तिसरा: हे विद्यापीठानंच करावं. विद्यापीठ यात हवंच. पण महाविद्यालय आणि विद्यापीठ यांचं आजचं नातं संलग्नतेचं आहे. एक मान्यता देतो, दुसरा मागतो. नेटवर्कमध्ये दोघांनाही एकेक खुर्ची लागते. परिपत्रक काढून ते होत नाही.

हिंगोलीची वेळ

हे सगळं आत्ताच का लिहावंसं वाटलं, तर हिंगोलीमुळे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी मोजणारी वेधशाळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींचा निधी. आयुका, इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याची बांधकाम शाखा ती उभारतायत. अशा वेधशाळेचा डेटा जगातल्या बाकीच्या डिटेक्टरांच्या डेटाशी लगोलग जुळवावा लागतो. म्हणजे तिथे चांगली फायबर जाणारच. प्रश्न एवढाच, की ती फायबर हिंगोली, परभणी, नांदेडवरून जाताना तिथल्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना ती काही उपयोगाची होणार, की समृद्धी महामार्गासारखी कुंपण घालून पुढे निघून जाणार?

चिलीचं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. तिथल्या वाळवंटातल्या आणि डोंगरांवरच्या मोठ्या दुर्बिणी बहुतेक परदेशी पैशातून उभ्या आहेत. पण चिलीच्या विद्यापीठांची रेउना नावाची ना-नफा संस्था आधीपासून होती. ला सेरेना ते सँटियागो या मार्गावर दुर्बिणी चालवणाऱ्या अमेरिकी संस्थेनं रेउनाबरोबर जलद फायबर उभी केली. दुर्बिणीचा डेटा न्यायला जी वाट बांधली, ती देशातल्या विद्यापीठांच्या नेटवर्कचाही भाग झाली. हे आपोआप झालं नाही. करार करायला समोरच्या बाजूला कुणीतरी होतं म्हणून झालं. लायगोच्या लोकांनी उद्या ठरवलं की इथल्या विद्यापीठांबरोबर वाट वाटून घ्यायची, तर ते पत्र कुणाच्या नावानं लिहिणार? बामू, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, परभणीचं कृषी विद्यापीठ अशी तीन वेगळी पत्रं, आणि त्यांना तीन वेगळी उत्तरं? आणि कॉलेजांना तर पत्रच नाही.

मग काय करता येईल?

फार मोठं काही नाही. पहिल्या दिवशी एक मीटरही केबल टाकायची गरज नाही. तीन विद्यापीठं आणि दहा-पंधरा महाविद्यालयं, सगळे मिळून एक नोंदणीकृत सोसायटी. परवडेल एवढी वर्गणी. पगारी दोन इंजिनिअर. पहिल्या वर्षी कामं तीनच. सदस्यांच्या लाइनवर मोजणीची छोटी यंत्रं बसवून दर महिन्याला खरा वेग सगळ्यांना दाखवायचा. एज्युरोम सुरू करायचं. आणि विद्यापीठांच्या एनकेएन लाइनवर संशोधन केंद्रांना रीतसर वाट कशी देता येईल, हे दिल्लीशी एका आवाजात बोलायचं. कॅम्पसवरच नाइलिटचं केंद्र आहे, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय शहरात आहे. माणसं बाहेरून आणायची गरज नाही.

यातून संशोधन आपोआप सुधारेल असा दावा नाही. वाईट प्रबंध जलद लाइनवरही वाईटच राहतो. पण चांगलं काम करू शकणारी मुलगी बीडच्या कॉलेजात आहे की कॅम्पसवर, यावर तिचा विषय ठरू नये. आज तो ठरतो. मोठ्या डेटाचा विषय तिथे कुणी घेतच नाही, आणि मग 'मागणीच नाही' असं म्हणायला सगळे मोकळे.

म्हणून पुढच्या नॅक भेटीच्या तयारीत तुमच्या कॉलेजात बँडविड्थचा रकाना भरला जात असेल, तेव्हा शेजारी पेन्सिलीनं एक प्रश्न लिहून ठेवा: लाइन बंद पडली तर आपण ज्याला फोन करतो, तो कुणाचा माणूस आहे?